टीचर, मी परत तेच केलं

मागच्या महिन्यात आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, तरुण मुलांचा तीन दिवसांचा कॅम्प झाला. मी स्वयंपाकाच्या टीममध्ये होते. रविवारी रात्रीच्या शेवटच्या मीटिंगला अकरावीतल्या एका मुलाने हात वर केला, पुढे गेला, खूप रडला आणि प्रभूला आयुष्य दिलं, मी भांडी तशीच ठेवून दारात उभी राहून बघत होते कारण हा मुलगा माझ्या संडे स्कूलमध्ये होता, पाच वर्षांचा असल्यापासून. आणि बुधवारी रात्री साडेअकराला त्याचा व्हॉइस मेसेज आला. अगदी कुजबुजत्या आवाजात, घरचे झोपले असणार. "टीचर, मी परत तेच केलं. तीन दिवस पण नाही टिकलो. म्हणजे माझं खरं झालंच नव्हतं का?"

"तेच" म्हणजे काय ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

मला त्या रात्री झोप आली नाही. कारण या प्रश्नाला आपल्या मंडळ्यांमध्ये दोन रेडिमेड उत्तरं मिळतात आणि ती दोन्ही मी स्वतः खाऊन बसलेली आहे. एक उत्तर असं की नवा जन्म, म्हणजे विश्वासात येऊन आतून नवं होणं, खरा असता तर परत केलंच नसतंस. दुसरं असं की अरे सगळ्यांचं असंच असतं, कृपा आहे ना, टेन्शन घेऊ नको. पहिल्या उत्तराने मी एकोणिसाव्या वर्षी खोटं बोलायला शिकले, आणि दुसऱ्याने मला चाळिशीत चोरी करून शांत झोपू दिलं.

पहिलं आधी सांगते. आमचं घराणं नगर जिल्ह्यातलं, अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून ख्रिस्ती, त्यामुळे पश्चात्ताप, तारण, पवित्रीकरण हे शब्द मी भाकरी-चटणीसारखे ऐकत वाढले. कॉलेजात असताना माझ्या आयुष्यात खरंच काहीतरी झालं, ते मी आजही नाकारणार नाही. शास्त्र, म्हणजे बायबल, वाचताना रडू यायचं, प्रार्थना पाठ केलेली वाटेनाशी झाली. मग एका साक्षीच्या सभेत मला उभं केलं आणि मी माइकवर बोलले की प्रभूने मला पापातून सोडवलंय, आता माझ्यात राग नाही, मत्सर नाही. लोकांनी हालेलूया म्हटलं. त्याच संध्याकाळी घरी गेल्यावर बहिणीने माझा ड्रेस घातला म्हणून मी तिला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण पुढच्या सभेत परत तीच साक्ष, कारण एकदा असं बोलून झाल्यावर खाली कसं उतरायचं? अशी माणसं आपल्यात पुष्कळ आहेत, मला माहीत आहे, मी त्यांच्याशेजारी बसून टाळ्या वाजवल्या आहेत.

आता शास्त्र काय म्हणतं ते. ज्या वचनावरून त्या मुलाला घाबरवलं जातं ते आहे १ योहान ३:९, म्हणजे योहानाच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय, नववं वचन, देवापासून जन्मलेला पाप करत नाही, त्याच्याने करवतच नाही. आणि त्याच पत्रात दोनच अध्याय आधी, १:८ मध्ये, आपल्या ठायी पाप नाही असं म्हटलं तर आपण स्वतःला फसवतो. एकाच पत्रात, एकाच हाताने लिहिलेलं. याचं नेहमीचं उत्तर असं देतात की मूळ ग्रीकमधलं ३:९ चं क्रियापद चालू काळातलं आहे, म्हणून अर्थ 'पाप करत राहत नाही' असा घ्यायचा, एखाद वेळी पडणं वेगळं आणि पापात मुक्काम करणं वेगळं. मला हे उत्तर अर्धंच पटतं. कारण त्याच पत्रात ५:१६ ला योहान 'आपला भाऊ पाप करताना दिसला तर' असं लिहितो, तिथेही तसलंच चालू काळातलं रूप आहे, आणि तो माणूस तर भाऊच आहे, मंडळीतला. म्हणजे सगळा भार व्याकरणावर टाकून चालणार नाही.

मला वाटतं योहानाला कोण समोर दिसत होतं ते बघायला पाहिजे. २:१९ मध्ये तो सांगतो की काही जण आपल्यातून निघून गेले. पत्र वाचताना असं दिसतं की आमच्यात पाप नाहीच असं म्हणणारे कोणीतरी होते आणि त्याच वेळी भावावर प्रेम करायची त्यांना गरज वाटत नव्हती. म्हणून तो दोन्ही बाजूंनी दार लावतो. पाप नाही म्हणतोस? खोटं बोलतोस. पापात आरामात बसलायस? मग तू कोणाचा? आणि मधोमध, २:१ मध्ये, तुम्ही पाप करू नये म्हणून लिहितोय, पण कोणी केलंच तर पित्याजवळ आपला कैवारी आहे. कैवारी हा आपल्या मराठी शास्त्रातला शब्द मला फार आवडतो. कैवार घेणारा माणूस आपली चूक नव्हतीच असं म्हणत नाही, तो आपल्या बाजूने उभा राहतो.

प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायाचंही असंच. जे चांगलं करावंसं वाटतं ते मी करत नाही, जे नको तेच करतो, हे बोलणारा पौल विश्वासात येण्याआधीचा की नंतरचा यावर शेकडो वर्षं वाद आहे. जुन्या काळचा बिशप ऑगस्टीन आधी म्हणायचा की हा नियमशास्त्राखालचा, म्हणजे अजून ख्रिस्ताकडे न आलेला, माणूस आहे, नंतर त्याचं मत बदललं आणि तो म्हणाला की हा विश्वासणारा पौलच आहे. प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणारा ल्यूथर म्हणाला ख्रिस्ती माणूस एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो. १५४६ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत कॅथलिक मंडळीने ठरवलं की बाप्तिस्म्यानंतर वासना उरते पण ती स्वतः पाप नव्हे, तिला होकार दिला की पाप. मेथडिस्ट पंथाचा जॉन वेस्ली म्हणाला की याच जन्मात प्रेम पूर्णत्वाला जाऊ शकतं आणि जाणूनबुजून केलेलं पाप थांबू शकतं. इतकी मोठी माणसं एकमेकांशी जुळत नाहीत, पण यातला एकही म्हणत नाही की नव्या जन्मानंतर लढाई संपते.

आणि मला सगळ्यात जास्त धीर कोणाकडून मिळतो सांगू? येशूच्या शिष्याकडून, पेत्राकडून. येशूला ओळखत नाही असं तीनदा म्हणाला आणि कोंबडा आरवला, तेव्हाचा पेत्र नाही, तो सगळ्यांना माहीत आहे आणि त्याबद्दल लोक म्हणतात की तेव्हा पवित्र आत्मा कुठे मिळाला होता त्याला. मी म्हणते तो अंत्युखियातला पेत्र, गलतीकरांस पत्र, दुसरा अध्याय. पेन्टेकॉस्ट, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो दिवस, होऊन गेलेला, परराष्ट्रीय म्हणजे यहूदी नसलेल्या कर्नेल्याच्या घरी जाऊन आलेला, देव पक्षपात करत नाही हे स्वतःच्या तोंडाने बोललेला पेत्र. तो अंत्युखियात परराष्ट्रीय भावांबरोबर जेवायला बसायचा. मग यरुशलेमच्या मंडळीतल्या याकोबाकडून काही यहूदी लोक आले आणि हा भीतीने पंगतीतून उठला, वेगळा बसायला लागला, त्याचं बघून बाकीचे यहूदी उठले, पौलाचा सोबती बर्णबासुद्धा उठला. पौलाने त्याला सगळ्यांदेखत तोंडावर सुनावलं.

पंगतीतून उठणं. हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही ना? आपल्याच मंडळ्यांमध्ये बाप्तिस्मा होऊन चार-चार पिढ्या झाल्या आणि सोयरीक जुळवायची वेळ आली की हळूच विचारतातच, मूळचे कोण म्हणे ते? मी हे प्रार्थना करणाऱ्या, उपास करणाऱ्या, खरोखर प्रभूवर प्रेम करणाऱ्या माणसांच्या तोंडून ऐकलंय. हे पाप नाही असं मला कोणी सांगू नये. आणि ही माणसं ख्रिस्ती नाहीत असंही मी म्हणू शकत नाही, कारण मग पेत्रालाही तेच म्हणावं लागेल.

पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या जूनमध्ये जे संजीवन (विश्वासाची नवी लाट) झालं त्याच्या गोष्टी आमच्याकडे भक्तीने सांगतात, अग्नी, रात्ररात्र प्रार्थना. पण त्याची सुरुवात मुली रडून रडून पापं कबूल करायला लागल्या तिथून झाली, आणि त्यातल्या बऱ्याच जणींचा बाप्तिस्मा आधीच झालेला होता. खुद्द पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडमधल्या वाँटेजचा, आणि त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवलंय की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, हे आठ वर्षांनी कळलं. एवढी विदुषी, तोवर नाव झालेली, शारदा सदन काढलेली बाई हे जगापुढे सांगते. माझ्या त्या साक्षीच्या सभेत असं एक वाक्य कोणी बोललं असतं तर मी कदाचित माइक खाली ठेवला असता.

आता दुसरं उत्तर, चोरीचं.

माझ्या सासूबाईंच्या हातात सोन्याच्या पाटल्यांची जोडी होती. हॉस्पिटलात नेण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी त्या काढून माझ्याकडे दिल्या, म्हणाल्या एक तुझी, एक मोठीच्या पोरीला लग्नात घाल. खोलीत मी एकटीच होते. आठ दिवसांत त्या प्रभूघरी गेल्या. महिन्याभराने मोठ्या जाऊबाईंनी फोनवर विचारलं, "आईंच्या पाटल्या कुठं गेल्या गं?" आणि मी म्हणाले, "काय माहीत ताई, त्या गडबडीत..." एवढंच. वाक्य पूर्णही केलं नाही. तेव्हा आमचं घराचं कर्ज होतं, मिस्टरांची नोकरी डळमळीत होती, मी मनाशी म्हटलं नंतर देऊ. अडीच वर्षं त्या लॉकरमध्ये होत्या. अडीच वर्षं मी दर महिन्याला चर्चमध्ये भाकर-द्राक्षारसाचं प्रभुभोजन घेतलं. आणि मला झोप यायची, हे मला आज सगळ्यात भयानक वाटतं, कारण मी स्वतःला सांगितलं होतं की आपण सगळे पापीच आहोत, कृपा सगळं झाकते. रोमकरांसच्या सहाव्या अध्यायात पौल विचारतो की कृपा वाढावी म्हणून पापात राहायचं काय, तो अध्याय मी मुलांना शिकवलेला आहे.

मग एका रविवारी जक्कय जकातदाराचा धडा होता. लूक १९. मी मुलांना सांगितलं की त्याने ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत द्यायचं कबूल केलं. सात वर्षांची एक मुलगी म्हणाली, "टीचर, मग त्याने त्याच दिवशी दिलं का?"

मी पुढचा धडा कसा संपवला मला आठवत नाही. संध्याकाळी मिस्टरांना सांगितलं, त्यांनाही माहीत नव्हतं, ते खूप वेळ बोलले नाहीत. शनिवारी पुण्यातल्या वाकडेवाडीहून नगरची एसटी धरली, एक पाटली रुमालात बांधून पर्समध्ये. आणि आता जे सांगते ते त्या मुलालाही सांगितलं. शिक्रापूर गेलं, रांजणगाव गेलं, आणि शिरूरच्या आसपास माझ्या डोक्यात एक वाक्य तयार झालं, "ताई, कपाट आवरताना सापडली बघा." इतकं सोपं, इतकं गोड. परत करायला निघालेली मी, पश्चात्ताप करून निघालेली, आणि त्याच सीटवर बसून नवीन खोटं रचत होते. रोम ७:२१, मी चांगलं करायला निघालो की वाईट हजरच असतं. मी सुप्यापर्यंत त्या वाक्याशी भांडत होते.

जाऊबाई मेथी निवडत बसल्या होत्या. मी रुमाल समोर ठेवला आणि खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "अडीच वर्षं?" मग परत मेथी निवडायला लागल्या. बराच वेळ. मग म्हणाल्या, "चहा ठेवते." मिठी वगैरे काही झालं नाही. आमच्यात आजही पहिल्यासारखं नाही, त्या कपाटाची चावी माझ्यासमोर काढत नाहीत, आणि ते बरोबर आहे, विश्वास काही चौपट परत देता येत नाही. पण १ योहान ३:९ वाचून थांबू नका, तिथून आठ वचनं पुढे जा, ३:१७, जवळ असताना भावाची गरज बघून जो मन बंद करतो त्याच्यात देवाची प्रीती कशी राहील. मी ते वचन आधी किती वेळा वाचलं असेल. त्या एसटीनंतर ते माझ्याबद्दल आहे हे कळलं.

तर त्या मुलाला मी काय सांगितलं. मी म्हटलं, बाळा, तुझं झालं की नाही हे मी तुझ्या पडण्यावरून सांगू शकत नाही. पण रात्री साडेअकराला तू मला मेसेज का केलास? कॅम्पच्या आधी तेच करून तू झोपायचास ना? तो म्हणाला हो. आता झोप येत नाहीये? म्हणाला नाही. मी म्हटलं, मला अडीच वर्षं येत होती, त्याची मला भीती वाटते, तुझ्या जागण्याची नाही वाटत. मग त्याला पेत्राचं सांगितलं, पाटलीचं सांगितलं, आणि हेही सांगितलं की उद्या कोणी साक्ष द्यायला उभं केलं तर तीन दिवसांचं पण सांग, नाहीतर बोलू नकोस. आणि जे काही 'तेच' आहे ते फोनमधलं असेल तर फोन रात्री आईजवळ ठेव, नुसती प्रार्थना करून उशाशी घेऊन झोपू नको. तो हसला थोडा.

त्याने विचारलं, "म्हणजे हे कधी थांबणारच नाही का, टीचर?" मी म्हटलं काही गोष्टी थांबतात, खरंच थांबतात, बहिणीला मी आता तसं बोलत नाही, वीस वर्षांत ते गेलं, कधी गेलं कळलंही नाही. काही अजून आहेत. पौलाने फिलिप्पैकरांसला लिहिताना, तुरुंगात असताना, इतकं सगळं करून झाल्यावर म्हटलंय की मी अजून मिळवलेलं नाही, मी धावतोय.

मग मिस्टरांना सामील करून आम्ही तिघांचा एक ग्रुप केला. बुधवारी रात्री प्रत्येकाने खरं ते टाकायचं, एक ओळ पुरे. कधी त्याचं नुसतं "आज ठीक" येतं, कधी "प्रार्थना करा." गेल्या बुधवारी मीच आधी लिहिलं, की पुतणीच्या लग्नाच्या याद्या करायला नगरला बोलावलंय, आणि जाऊबाईंनी परत चावी लपवली तर मला राग येणार आहे, आत्ताच यायला लागलाय. त्याचं लगेच उत्तर आलं, करतो टीचर.