दुष्फेन पाण्याची नोंदवही: चुना, सोडा आणि तुरीची डाळ

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागात. बोअरचं पाणी दुष्फेन, म्हणजे साबणाला फेस येऊ न देणारं, आणि त्यात तुरीची डाळ शिजत नाही, हे रडगाणं घरात मी लहानपणापासून ऐकतो. जानेवारीत अल्कली ओळखायच्या हळदीच्या कागदापासून सुरू झालेले माझे प्रयोग फाल्गुनात या डाळीपाशी येऊन अडले. म्हणून यावेळची नोंद जरा लांबली आहे.

आधी कागदाचं उरकतो. पहिल्यांदा हळद पाण्यात कालवली, तर पट्ट्या फिक्या आणि डागाळलेल्या निघाल्या. हळदीतला पिवळा रंग, कुरकुमिन, पाण्यात जवळपास विरघळतच नाही. कोरोनाच्या वेळची पातळ सॅनिटायझरची अर्धी बाटली पडून होती. तिच्यात चमचाभर वायगावची हळद रात्रभर ठेवली आणि वरच्या निवळलेल्या अर्कात टिश्यू पेपर बुडवून सावलीत वाळवला. आता रंग एकसारखा येतो. लिंबू, चिंच, ताक यांना हा कागद ढिम्म राहतो. पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, 7 म्हणजे मधोमध) साधारण 7.4 च्या पुढे गेला की तो तांबूस व्हायला लागतो आणि 8.6 च्या आसपास पुरता लाल होतो. आम्लासाठी जास्वंदीच्या पाकळ्यांचं पाणी बरं. पळसाची फुलंही उकळून पाहिली. सोड्याने रंग गडद होतो, पण आधीच केशरी असल्यामुळे फरक डोळ्यांत भरत नाही. पळस रंगपंचमीलाच शोभतो.

धुण्याचा सोडा घरीच केला. खायचा सोडा 50 ग्रॅम, स्टीलच्या पातेल्यात, मंद आचेवर. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं घेऊ नका, हा सोडा ओला झाला की ते खातो. थोड्या वेळात कोरडी भुकटी पाण्यासारखी खदखदायला लागते. आतून वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघत असतो, म्हणून कण तरंगल्यासारखे हलतात. वर धरलेल्या ताटलीवर पाण्याचे थेंब जमतात. आई चुलीपाशीच होती. म्हणाली, "कोरडंच काय उकळून राह्यला रे बापा?" हिशेबाने 50 चे साडेएकतीस ग्रॅम उरायला हवेत. अर्ध्या तासाने काट्यावर 34 भरले, म्हणजे काम अर्धवट होतं. आणखी वीस मिनिटं हलवत भाजल्यावर 32 वर आलं. माझा स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमच्या खालचं दाखवत नाही, तेव्हा हे जमलं असं मी धरतो. खात्री हळदीच्या कागदाने केली. खायच्या सोड्याच्या पाण्यात पट्टी नारिंगी-तांबूस होते, भाजलेल्याच्या पाण्यात थेट विटेसारखी लाल.

आता या महिन्यातलं खरं प्रकरण. पानटपरीवरून चुना आणला, चिमूटभर चुना लिटरभर पाण्यात हलवला आणि रात्रभर स्थिर ठेवला. सकाळी वरची निवळी अलगद ओतून घेतली. (चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. पोरं जवळ असतील तर बाटली तुम्हीच हलवा. आणि नळीने फुंकायचं, ओढायचं नाही.) निवळीत फुंकर मारली की ती दुधाळ होते, हे शाळेत सगळ्यांनी पाहिलं आहे. शाळेतला प्रयोग तिथेच संपतो. मी फुंकतच राहिलो. गाल दुखले, मध्ये दोनदा थांबलो. आठ-दहा मिनिटांनी दूध विरायला लागलं आणि शेवटी पाणी पुन्हा नितळ झालं. आधी तयार झालेला कॅल्शियम कार्बोनेट जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडमुळे बायकार्बोनेट होऊन विरघळला. मग तोच ग्लास पातेलीत ओतून तापवला, तर उकळी येता येता पाणी परत गढूळ. पातेलीच्या बुडाशी पांढरा थर दिसला आणि मी चमच्याने खरवडत बसलो. आमच्या पाणी तापवायच्या भगोण्यात वर्षभर जमतो तोच हा थर. काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतातच. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली मुरतं आणि चुना विरघळवत जातं. ते मी ग्लासात दहा मिनिटांत करून पाहिलं, एवढंच.

मग साबणाचं माप: फेसाला साबण जितका जास्त लागेल, तितकं पाणी जास्त दुष्फेन. अंगाचा साबण 5 ग्रॅम किसून 250 मिली आरओच्या पाण्यात विरघळवला. डिटर्जंटची वडी चालत नाही, ती दुष्फेन पाण्यातही फेस देते. हे द्रावण गार झालं की थुलथुलीत होतं, कोमट ठेवावं लागतं. प्रत्येक बाटलीत 50 मिली पाणी घ्यायचं, सिरिंजने साबण सोडायचा, हलवायचं आणि फेस दोन मिनिटं टिकेपर्यंत मोजायचं. आरओचं पाणी: 0.5 मिली. बोअरचं: 9.5, आणि वर दह्यासारखा साका. उकळलेलं बोअरचं: 8.8. इथे मी गडबडलो. उकळून काहीच होत नाही असं लिहूनही टाकलं होतं. रात्री लक्षात आलं, अर्ध्या लिटरचं आटून 400 मिली झालं होतं, म्हणजे उरलेले क्षार दाट झाले होते. दुसऱ्या दिवशी आटलेलं आरओच्या पाण्याने भरून काढलं आणि गाळून घेतलं, तेव्हा 7 आलं. म्हणजे उकळून जाणारा भाग साधारण पाव, बाकी हट्टी. भाजलेला सोडा घालून, साका बसू देऊन, वरचं पाणी घेतलं तर फक्त 1.

शेवटी डाळ. तीन पातेल्या, प्रत्येकी 50 ग्रॅम तूर, कुकर नाही. आरओच्या पाण्यात 40 मिनिटांत घोटण्याजोगी झाली. बोअरच्या पाण्यात सव्वा तासानेही दाणा दाताखाली येत होता. पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला आणखी घट्ट करतं. तिसऱ्या पातेलीत बोअरचं पाणी आणि चिमूटभर खायचा सोडा होता. ती अर्ध्या तासात शिजली, पण हळद घातल्याबरोबर वरण लालसर पडलं आणि चव साबणाकडे झुकली. बी-1 जीवनसत्त्वही सोड्याने नासतं, म्हणून हा इलाज मला रोजचा वाटत नाही. आईने तिसरी पातेली हुंगली, बाजूला सारली. "सोडा पडला की वरण लाल होते, हे मले तुह्या कागदाशिवाय मालूम होतं."

दुसऱ्या दिवसापासून वरणाला कॅनचं पाणी आणि माझ्या बाटल्यांना बोअरचं, अशी वाटणी तिने करून टाकली आहे. नाल्यापलीकडच्या जुन्या विहिरीची बाटली भरून, चिठ्ठी लावून ठेवली आहे. साबणाचं द्रावण संपलं आणि सिरिंजचा रबर फुगून अडकतो आहे, नवी आणली की मोजतो.