फितुराचा केक

दीड महिन्यापूर्वी इथे कॅलिफोर्नियात आमच्या टीममधला एक जण नोकरी सोडून गेला. कुठे, तर आमच्या थेट स्पर्धकाकडे. ज्यांच्या नावाने आमच्या मीटिंगमध्ये रोज बोटं मोडली जातात, ज्यांची चिप आमच्याआधी बाजारात आली की पुढचे तीन महिने सगळ्यांची तोंडं उतरलेली असतात, त्याच कंपनीत. आणि आमच्या मॅनेजरने त्याच्यासाठी केक मागवला. वर क्रीमने नव्या कंपनीचा लोगो काढून! तो जरा वाकडा आला होता, तर त्यावरून पंधरा मिनिटं हशा. मी केकचा तुकडा हातात धरून एचआरच्या बाईंकडे बघत होते, की आता या काहीतरी बोलतील. त्यांनी आणखी एक तुकडा घेतला.

रात्री फोनवर बाबांना सांगितलं. "अगं, ही तर सरळ फितुरी झाली," बाबा म्हणाले, "आणि वर त्याला केक भरवलात?"

बाबांना हसण्यात अर्थ नाही, कारण आतून मलाही तसंच वाटत होतं. शिवाय मी स्वतः एकदा फितूर होऊन बसलेय. पुण्यातली माझी पहिली नोकरी सोडून मी स्पर्धकाकडे चालले होते, तेव्हाची गोष्ट. दोन वर्षांचा बाँड पुरा झालेला, तीन महिन्यांची नोटीस दिलेली. कुठे जातेय हे कळल्याच्या दुसऱ्या दिवशी माझी जागा बदलून मला रिसेप्शनच्या बाजूला, झेरॉक्स मशीनजवळ बसवलं. लॅपटॉप काढून घेतला. तीन महिने 'नॉलेज ट्रान्सफर'च्या नावाखाली मी भिंतीकडे बघत बसले. निरोपाचा मेल पाठवू दिला नाही. नो ड्यूजच्या फॉर्मवर अकरा सह्या लागत होत्या, त्यातली एक लायब्ररीची. कंपनीत लायब्ररी नव्हती. त्या नसलेल्या लायब्ररीच्या नसलेल्या ग्रंथपालाची सही कुणी करायची यावर नऊ मेल झाले, ते मी अजून जपून ठेवलेत. रिलिव्हिंग लेटर साडेचार महिन्यांनी मिळालं, तेही वहिनींच्या ओळखीतल्या एकांनी फोन केल्यावर. कंपनीचं नाव सांगत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलंच असेल.

तर केकने माझी झोप उडवली, आणि मी कायदा शोधत बसले. कॅलिफोर्नियात 'तू स्पर्धकाकडे जाणार नाहीस' असा करार नोकराकडून लिहून घेतला तर तो मुळातच रद्दबातल. २०२४ पासून तर ज्यांनी असं कलम आधी घुसडलं होतं, त्यांना प्रत्येक संबंधित कर्मचाऱ्याला 'ते कलम लागू नाही' असं पत्र पाठवावं लागलं. पत्राची शेवटची तारीख होती १४ फेब्रुवारी. माझ्या मैत्रिणीला आयुष्यात आलेलं ते पहिलं व्हॅलेंटाइन!

हा नियम आला कधी? १८७२ साली. आकडा ओळखीचा वाटला म्हणून परत बघितलं. आपला करार कायदाही १८७२चाच, आणि त्याचं कलम २७ जवळजवळ हेच सांगतं: कुणाला त्याचा धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द. दोघांचं मूळही एकच, डेव्हिड डडली फील्ड नावाच्या वकिलाने न्यूयॉर्कसाठी केलेला मसुदा. खुद्द न्यूयॉर्कने तो स्वीकारलाच नाही. कॅलिफोर्नियाने घेतला, आणि आपल्याकडे ते कलम त्यातूनच आलं. म्हणजे मी त्या झेरॉक्स मशीनजवळ बसले होते तेव्हा कायदा पूर्ण माझ्या बाजूने होता! फक्त रिलिव्हिंग लेटर त्यांच्या कपाटात होतं.

इथल्या लोकांचं मन आपल्यापेक्षा मोठं आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. चढाओढ इथेही जीवघेणीच. पण माणूस इकडून तिकडे जाऊ शकतो, म्हणून ती कुजत नाही. माउंटन व्ह्यूमध्ये सॅन अँटोनियो रोडवर ३९१ नंबरला फुटपाथवर डायोड आणि ट्रान्झिस्टरची माणसाहून उंच शिल्पं उभी आहेत. ट्रान्झिस्टरसाठी नोबेल मिळालेल्या शॉकलीची प्रयोगशाळा इथे होती. १९५७मध्ये त्याचे आठ जण एकदम बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर काढली. त्यांचं इतिहासात पडलेलं नाव मराठीत आणायचं तर 'आठ फितूर' असंच होईल. (बाबांना हे सांगितलं. "बघ," म्हणाले.) त्या आठांपैकी नॉइस आणि मूर यांनी १९६८मध्ये फेअरचाइल्डही सोडली आणि इंटेल काढली. पुढच्याच वर्षी फेअरचाइल्डमधूनच जेरी सँडर्स बाहेर पडले आणि एएमडी उभी राहिली. फितुरांचे फितूर.

या दोन कंपन्यांचं नातं मला भाऊबंदकीसारखं वाटतं, फक्त बांध वितभर सरकवण्याऐवजी हे चिप सरकवतात. आयबीएमला पीसीसाठी एकाच पुरवठादारावर अवलंबून राहायचं नव्हतं, म्हणून १९८२मध्ये इंटेलने एएमडीला आपल्या चिप बनवायची मुभा दिली. पुढे ३८६ या नव्या चिपची वेळ आली तेव्हा हात आखडता घेतला आणि वर्षानुवर्षं कोर्टकचेरी चालली. एएमडीने मग स्वतःच इंटेलशी जुळणारी चिप बनवायला घेतली. ६४ बिटचा काळ आला तेव्हा इंटेलने मोठा डाव लावला होता तो इटॅनियमवर, म्हणजे जुन्या सॉफ्टवेअरशी फारसं न जुळणाऱ्या एका वेगळ्याच रचनेवर. एएमडीने जुनंच घर वाढवून वर मजला चढवला. २००३मध्ये त्यांची चिप आली, आणि पुढच्याच वर्षी इंटेलला तोच नकाशा घ्यावा लागला. आज इंटेलचा लॅपटॉप असला तरी उबुंटू डाउनलोड करताना फाइलच्या नावात काय असतं बघा: 'एएमडी६४'. धाकट्या भावाच्या नावाची पाटी थोरल्याच्या दारावर!

आणि २०२४च्या ऑक्टोबरमध्ये दोघांनी मिळून x८६ची, म्हणजे दोघांच्या चिपमागची सामाईक रचना पुढे कशी न्यायची यासाठी एक सल्लागार गट काढला. प्रेमाने नव्हे, आर्म ही स्पर्धक रचना दारात येऊन उभी आहे म्हणून. १९९७मध्ये बॉस्टनच्या मंचावर मागच्या मोठ्या पडद्यावर गेट्स दिसल्यावर अॅपलवाल्यांनी हुर्यो उडवली होती, तेव्हाही मायक्रोसॉफ्टचे १५ कोटी डॉलर जॉब्सना हवेच होते. गरजेपोटी केलेली मैत्री जास्त टिकते असं माझं मत झालंय.

अर्थात मालकांची मैत्री फार वाढली तरी पंचाईत. 'तू माझी माणसं पळवू नकोस, मी तुझी पळवत नाही' असं साटंलोटं इथल्याच बड्या कंपन्यांनी आपसात केलं होतं. अमेरिकी न्याय खात्याने २०१०मध्ये ते उघडं पाडलं, आणि २०१५मध्ये अॅपल, गूगल, इंटेल आणि अडोबी यांना कर्मचाऱ्यांच्या दाव्यात ४१.५ कोटी डॉलर मोजावे लागले. तेव्हा इथे सगळे साव आहेत असं नाही. आणि आपणही अगदीच मागे नाही: यूपीआयवर एकमेकांचे हाडवैरी एकाच रुळावरून गाड्या चालवतात. इथे एका अॅपमधले पैसे दुसऱ्यात टाकायचे तर मित्राला आधी विचारावं लागतं, "तुझ्याकडे कुठलं आहे?" हे मी ऑफिसात जरा जास्तच वेळा ऐकवते.

हे सगळं आज लिहायचं कारण मात्र गेल्या आठवड्यातलं. ब्लूटूथवाल्यांचा प्लगफेस्ट होता. एका हॉटेलच्या खोल्या घेतात, दारांवर नुसते नंबर. आत तुमची अजून बाजारात न आलेली वस्तू, आणि ठरलेल्या वेळी स्पर्धक त्यांची वस्तू घेऊन येतो. दोन्ही जोडायची, कुठे तुटतं ते बघायचं. फोटो काढायचे नाहीत, पाहिलेलं बाहेर बोलायचं नाही. आमच्या खोलीत दुपारी आला तो केकवाला. गळ्यात नव्या कंपनीचं ओळखपत्र, हातात त्यांचे हेडफोन.

ते हेडफोन आमच्या चिपला दोनदा जोडले जायचे आणि तिसऱ्यांदा झोपेतून उठताना सुटायचे. दर तिसऱ्यांदा, न चुकता. स्निफर लावला, हवेतलं एकेक पॅकेट स्क्रीनवर उतरलं. तो म्हणतो चूक तुमची, मी म्हणते तुमची. चांगलीच जुंपली. तासाभराने तो गप्प झाला, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "तुमच्याकडे जोडणी तुटल्यावर वाट बघणारा एक टायमर आहे ना, त्याची किंमत बघ."

बघितली. चूक तिथेच होती. कोडमधल्या त्या ओळीखाली, तीन वर्षांपूर्वीच्या तारखेसह, नाव त्याचंच होतं. इथून जाताना त्याने एक फाइलही नेली नव्हती, नेता येतच नाही. पण डोकं कुठे ठेवून जाणार?

तरी अर्धा दोष ब्लूटूथच्या मानकातल्या, म्हणजे सगळ्यांनी पाळायच्या नियमांतल्या एका वाक्याचा होता, त्याचे दोन अर्थ निघत होते. आम्ही एक काढला, त्यांनी दुसरा. साडेचारला टायमर बदलला, सलग तीस वेळा जोडलं, एकदाही सुटलं नाही. वाक्य दुरुस्त करायची सूचना आम्ही दोघांनी मिळूनच लिहिली, खाली दोन्ही कंपन्यांची नावं. कुणाचं आधी यावर पुन्हा पाच मिनिटं वाद.

सामान आवरताना तो म्हणाला, "आमच्याकडे एक जागा निघालीय. तू येतेस का?"

मी म्हटलं, ग्रीन कार्डची फाइल इथे आहे. रांगेतला नंबर टिकतो, पण नव्या कंपनीत पर्म पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं, आणि व्हिसाचे कागद वेगळे.

तो जन्मापासून इथलाच. हेडफोन डब्यात ठेवता ठेवता त्याने विचारलं, "पर्म म्हणजे काय?"