रानपाल्याची बिअर

२३ एप्रिल

जर्मनीत आजचा दिवस बिअरचा म्हणून पाळतात. २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट गावी बव्हेरियाच्या ड्यूकांनी फर्मान काढलं: बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी, बाकी काही नको. नेमकी आजच मी हॉप्स वगळून बिअर करायची तयारी सुरू केली. ठरवून नाही, पण जमून आलं ते बरं झालं.

हॉप्स म्हणजे एका वेलाची हिरवी, कागदासारखी हलकी बोंडं. भांगेच्या कुळातला वेल. बाजारातल्या जवळजवळ प्रत्येक बिअरचा कडवटपणा त्याचा, त्यामुळे बिअर कडू लागते ती अशीच, हे आपल्या जिभेनं मान्य करून टाकलेलं असतं. खरं तर आपल्या लोकांना कडूचे प्रकार कुणी शिकवायला नकोत. कारल्याचं कडू वेगळं, मेथीचं वेगळं, पाडव्याच्या कडुनिंबाचं वेगळं, आणि काडेचिराइताचं तर विचारूच नका. मग बिअरमध्येच एक कडू का?

सकाळी इथल्या, यॉर्कशायरमधल्या कालव्याच्या वरच्या अंगानं फिरायला गेले तेव्हा थोडा थोडा पाला आणला होता. संध्याकाळी ओट्यावर कप मांडले, प्रत्येकात एकेक पाला, वर उकळतं पाणी, दहा मिनिटं झाकण.

नेटल मुळीच कडू नाही. हात लावला की आग होते त्या झुडपाचं पाणी इतकं गरीब निघेल असं वाटलं नव्हतं. पालक उकडल्याचं पाणी, बस्स. डँडेलियनचं कडू सरळ, येतं आणि निघून जातं. यॅरो लबाड आहे. पहिला घोट सौम्य, मग टाळू कोरडी पडते आणि कडू मागून येऊन ठाण मांडतं. वासात थोडा कापूर. ग्राउंड आयव्ही पुदिन्याच्या कुळातली, जमिनीवर सरपटणारी. ओली माती, राळ, आणि कडू नावापुरतं. 

शेवटी मगवर्ट. झाकण काढलं आणि प्यायचं राहूनच गेलं. दवणा! जोतिबाला वाहतात तो. दोघंही आर्टेमिसिया गोत्रातले, तेव्हा वास जुळण्यात नवल नाही. पण यॉर्कशायरच्या कालव्याकाठचं हे तण आपल्या दवण्याचं भावकीतलं निघेल याची मला कल्पना नव्हती. दवण्यातला गोडवा मात्र याच्यात नाही, हा रांगडा. आणि कडू असा की घशापर्यंत जाऊन परत येतो. ‘चिमटीच्या वर नको’ असं वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

२७ एप्रिल

आज खुडणी आणि उकळणी, दोन्ही.

इथे इंग्लंडमध्ये रानातली पानं, फुलं, फळं स्वतःसाठी खुडली तर ती चोरी धरत नाहीत. १९६८ च्या कायद्यात तसं लिहिलेलं आहे. विकायला खुडली की चोरी. आणि १९८१ च्या कायद्यानं कुठलंही रानझाड जमीनमालकाला न विचारता मुळासकट उपटता येत नाही. म्हणजे पाला कुठलाही, मुळं आपल्या परसातली. शहाणपणाची वाटणी आहे.

आमच्या गावाला, हेब्डन ब्रिजला, पाल्याची ददात नाही, प्रश्न असतो तो कुठला घ्यायचा. कालव्याची पायवाट कुत्र्यांची. जुन्या गिरण्यांच्या आवारात काय काय मुरलंय देव जाणे. म्हणून ओढ्याच्या कडेनं वर चढत गेले. ओढ्याकाठी पांढऱ्या छत्र्यांची, कोथिंबिरीच्या पानांची एक वनस्पती माजते, हेमलॉक वॉटर ड्रॉपवर्ट. दिसायला निरुपद्रवी, पण जीव घेणारी. यॅरोचं पान पिसासारखं बारीक कातरलेलं असतं, ओळखायला सोपं. तरी शंका आली की मी पान टाकून देते. ‘बहुतेक हेच’ असं ज्याच्याबद्दल वाटतं ते माझ्या पिशवीत येत नाही.

नेटलचे शेंडे आत्ताच घ्यायचे, फुलं येण्याआधी. मी हातमोजे घालून खुडत होते तर शेजारीणबाई कुंपणावरून म्हणाल्या, “डॉक पुडिंग करतेस का?” नेटल, बिस्टॉर्टची पानं, कांदा आणि ओट्स यांचा हा इथला खास पदार्थ, शेजारच्या माइथमरॉइडला त्याची चक्क जागतिक स्पर्धा भरते. बिअर करतेय म्हटल्यावर त्यांनी स्वतःच्या बागेतली ग्राउंड आयव्ही घेऊन जायला सांगितलं. “तेवढीच साफ होईल.” जॉन जेरार्ड नावाच्या वनौषधिकारानं १५९७ मध्ये लिहून ठेवलंय की वेल्स आणि चेशरकडच्या बायका ही वनस्पती एलमध्ये, म्हणजे तिकडच्या जुन्या धाटणीच्या बिअरमध्ये, घालतात. आता तिला तण म्हणून उपटतात.

वहीसाठी प्रमाण: साडेचार लिटरच्या काचेच्या डेमिजॉनला (बिअर आंबवायची बरणी) ५५० ग्रॅम सुकं माल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणलेल्या जवाच्या अर्काची पूड). २०० ग्रॅम नेटल वीस मिनिटं उकळून गाळलं (उकळीत त्याची आग मरते), त्या पाण्यात माल्ट. शेवटची पंधरा मिनिटं यॅरो, १५ ग्रॅम. गॅस बंद केल्यावर तेवढीच ग्राउंड आयव्ही आणि मगवर्टची चिमूट, मग झाकण. हॉप्स असते तर तासभर खळखळवावं लागलं असतं, कारण त्यातली आम्लं उकळल्याशिवाय नीट कडू होत नाहीत. पाल्याचं उलटं. जास्त उकळला की वास वाफेबरोबर गेला आणि नुसता काढा उरला. पाणी कोमट झाल्यावर यीस्ट. हायड्रोमीटर, म्हणजे पाण्यात किती साखर उतरली ते दाखवणारी नळी: १.०४५.

८ मे

बुडबुडे थांबले. हायड्रोमीटर १.०१२, म्हणजे साधारण ४.३ टक्के अल्कोहोल. अर्ध्या लिटरच्या बाटलीला अर्धा चमचा साखर घालून बाटल्या भरल्या. साखर याहून जास्त झाली तर बाटली फुटू शकते.

बाटल्या भरता भरता आईचा व्हिडिओ कॉल.

“हे काय, घरात दारू पाडतेस?”

“अगं, पाडत नाहीये. आंबवतेय.”

“म्हणजे आंबील.”

“तसंच धर. नाचणीऐवजी जव.”

“आंबील संध्याकाळपर्यंत संपवावी लागते. तुझं हे किती दिवस टिकतं?”

आणि पोलीस येणार नाहीत ना, हेही विचारून घेतलं. तिची भीती खोटी नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली विनापरवाना हे करता येत नाही. इथेही १९६३ पर्यंत घरी बिअर करायला परवाना लागायचा. आता लागत नाही, फक्त विकायची नाही.

पण तिचा टिकण्याचा प्रश्न डोक्यात राहिला, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. इंग्लंडमध्ये चौदाव्या-पंधराव्या शतकात फ्लँडर्स-हॉलंडकडून हॉप्सची बिअर आली, तोवर घरोघरी बायका बिनहॉप्सची एल करायच्या. ती चार दिवसांत आंबट व्हायची, म्हणून थोडी करायची, दाराशी खूण लावून शेजाऱ्यापाजाऱ्यांना विकायची, संपली की पुन्हा करायची. हॉप्समधली कडू द्रव्यं आंबट करणाऱ्या जिवाणूंना वाढू देत नाहीत. बिअर टिकायला लागली, पिंपात भरून लांब जायला लागली, मग मोठी भांडी, मोठं भांडवल, आणि हळूहळू बायका या धंद्यातून बाहेर. हिल्डेगार्ड या जर्मन जोगिणीनं बाराव्या शतकातच लिहिलं होतं की हॉप्सचा कडूपणा पेयं नासू देत नाही, पण माणसाला उदास करतो. उदासपणाचं मला माहीत नाही. हॉप्स टिकाऊपणावर जिंकले आणि चवीचं नंतर आपण पटवून घेतलं, असं माझं मत होत चाललंय.

पाला वापरणारे काही फार साधे नव्हते म्हणा. नेदरलँड्स-बेल्जियमकडे ग्रुट नावाचं पाल्याचं मिश्रण विकायचा हक्क बिशप आणि सरदारांकडे असे. बिअर करायची तर ते त्यांच्याकडूनच घ्यायचं, म्हणजे करच. ब्रुजमधला ग्रुटहाऊस वाडा त्या पैशावर उभा राहिलेल्या घराण्याचा.

२५ मे

पहिली बाटली उघडली. फेस आला आणि लगेच बसला. रंग गढूळ पिवळा. ग्राउंड आयव्हीनं एल नितळ होते असं जुन्या लोकांचं म्हणणं. माझी तरी झाली नाही.

चव? पहिल्यांदा माल्टचा गोडसरपणा, मग यॅरो टाळूवर येऊन बसतो आणि नाकात अगदी पुसट दवणा. मला आवडली. नवरा म्हणाला, “बिअर आहे की काढा?” आणि तरीही ग्लास पुढे केला. शेजारीणबाईंना लहानपणीच्या डँडेलियन अँड बर्डॉकची आठवण झाली. उत्तर इंग्लंडचं ते जुनं शीतपेय. ग्राउंड आयव्ही कमी चालली असती, हा त्यांचा शेरा, आणि तो बरोबर आहे.

यॅरो आणि मगवर्टच्या बिअरनं वेगळीच धुंदी चढते, स्वप्नं पडतात, म्हणूनच धर्ममार्तंडांनी ती बंद पाडली, असं पुष्कळ जण रंगवून सांगतात. मला नेहमीसारखी झोप लागली. मगवर्ट गरोदर बाईनं घेऊ नये आणि शेवंतीच्या कुळाची ॲलर्जी असेल त्यानं यॅरोपासून लांब राहावं, ही माहिती जास्त कामाची.

१४ जून

उरलेल्या बाटल्या आंबट व्हायला लागल्यात. बिघडलेल्या नव्हे, ताकासारख्या. दुकानातली हॉप्सची बिअर शेजारी ओतून पाहिली. ती होती तशीच आहे, आणि महिन्यानंतरही तशीच असेल. माझी दर आठवड्याला बदलतेय. थालीपिठाबरोबर आजची सगळ्यात चांगली लागली. आईला सांगितलं तर म्हणाली, “आता झाली आंबील.”

जुलैत ओढ्याकाठी मेडोस्वीट फुलेल. त्याचा मधासारखा वास आत्तापासून नाकात आहे. पण त्यात ॲस्पिरिनची भावंडं असतात आणि शेजारीणबाई रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतात, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळा डेमिजॉन लावायचा: मेडोस्वीट वगळून, आणि त्यांच्या बागेतली ग्राउंड आयव्ही निम्मी.