टिचकी

दुर्बिणीच्या नळीला एक टिचकी मारायची आणि चित्र स्थिरावेपर्यंत सेकंद मोजायचे, ही दुर्बीण ज्यावर उभी असते त्या खांबाची परीक्षा. पहिल्या रात्री मी सहापर्यंत मोजलं, तरी शनी आपला डुलतोच आहे. आणि खाली खांब कसला, तर चांगला जाडजूड लोखंडी पाइप!

दोनशे पट मोठं दाखवणारी दुर्बीण थरथरही दोनशे पट मोठी करून दाखवते, हे आधी डोक्यात आलं नव्हतं. मीटरभर उंचीचा खांब कलून माथ्याशी पाच मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सरकला, की चित्र एका आर्कसेकंदाने, म्हणजे अंशाच्या छत्तीसशेव्या भागाने, हलतं. शनीचं बिंबच मुळात अठरा-वीस आर्कसेकंदांचं.

मग ठरलेला उपाय केला. पाइपात कोरडी वाळू ओतली. (ओली नको, आतून गंज धरतो.) पूर्वी खांबावर टकटक केली की घंटेसारखा 'टण्ण' व्हायचा, आता 'ठप्प'. कण एकमेकांवर घासतात आणि थरथर गिळून टाकतात. मी खूश. पण नळीला हाताने जरा रेटलं, तर शनी पूर्वीइतकाच बाजूला! थरथरणं वेगळं आणि वाकणं वेगळं. वाळूने पहिलंच दुखणं बरं होतं. वाकण्यावर औषध व्यासाचं. पत्र्याची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर ताठपणा साधारण आठपट होतो. उंची निम्मी केली तरी आठपट. म्हणजे खांब बुटका आणि ढेरपोट्या हवा. उंच सडपातळ खांब फोटोत शोभतो.

नवा पाइप आणायच्या तयारीत होतो, तेवढ्यात बोट सहज माथ्यावरच्या दोन प्लेटांच्या फटीत गेलं. वरची प्लेट समपातळीत आणता यावी म्हणून तिथे चार लांब बोल्ट दिलेले. एवढा थोरला खांब, आणि त्यावरचा सगळा भार चार काड्यांवर! ध्रुवाच्या दिशेला फिरण्याचा अक्ष लावायचे स्क्रू माउंटला, म्हणजे दुर्बीण धरून फिरवणाऱ्या भागाला, असतातच, त्यामुळे प्लेट जराशी तिरकी राहिली तरी काही अडत नाही. बोल्ट काढले, प्लेट प्लेटीला भिडवून आवळल्या.

टिचकी मारली. एक... दोन म्हणायच्या आत शनी उभा. मोठ्या समाधानाने मी एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर टाकलं, आणि शनी हलला. खांबाचा पाया आणि मी उभा होतो ती फरशी, दोन्ही एकाच काँक्रीटमध्ये ओतलेली.