बर्फाला घोंगडी

बर्फ घोंगडीत गुंडाळताना पाहिला की लहान मूल हमखास विचारतं, "त्याला गरम नाही होणार?" प्रश्न रास्त आहे. पण घोंगडीजवळ स्वतःची ऊब नसतेच, ती फक्त उष्णतेची वाट अडवते. आत माणूस असेल तर त्याची ऊब आत राहते, बर्फ असेल तर बाहेरची बाहेर. अडवण्याचं काम करते ती धाग्यांत अडकलेली हवा. भुसा, भाताचं तूस, थर्माकोल, चुरगळलेला कागद, सगळे याच हवेच्या जिवावर मिरवतात. थर्माकोल सोडला तर बाकीचे ओले झाले की कामातून गेलेच. हवेच्या जागी शिरलेलं पाणी उष्णता वीसपटीहून जास्त सहज पोचवतं. भुसा कोरडा हवा, तो यासाठी.

बर्फ घ्यायचा तर लादीच घ्यावी. एक किलोचा अखंड ठोकळा साधारण सव्वासहाशे चौरस सेंटिमीटर उघडा पडतो, तेवढ्याच बर्फाचे इंचभराचे खडे केले तर त्याच्या चौपट. 1833 साली बोस्टनहून कोलकात्याला निघालेल्या जहाजात सुमारे 180 टन बर्फ होता. विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार महिन्यांनी त्यातला शंभरेक टन शाबूत पोचला. ढीगच एवढा मोठा की पृष्ठभाग त्यापुढे किरकोळ!

आपल्या डब्याचा हिशेब मात्र निर्दय असतो. आतून सर्व बाजूंनी 30 सेंटिमीटर, भिंत अडीच सेंटिमीटर जाड, बाहेर 30 अंश: असा थर्माकोलचा डबा घट्ट बंद ठेवला तरी भिंतींतून येणारी उष्णता दिवसाला सुमारे 6 किलो बर्फ वितळवते. भिंत दुप्पट जाड केली की हा आकडा साधारण निम्म्यावर येतो. भुसा वापरायचा तर थर आणखी जाड हवा.

याच डब्यात कुणीतरी साध्या पाण्याची बाटली आणून खुपसतं. 30 अंशांचं लिटरभर पाणी शून्यावर आणायला पावणेचारशे ग्रॅम बर्फ खर्ची पडतो. तापलेला डबाही असाच आपला वाटा आधी वसूल करतो, म्हणून वाया जाणारा थोडा बर्फ तासभर आत ठेवून डबा गार करावा आणि मग खरी लादी ठेवावी.

दमट हवा तर छुपी चोर. बर्फावर एक ग्रॅम बाष्पाचं पाणी झालं की त्यातून सुटणारी उष्णता सातेक ग्रॅम बर्फ वितळवते. झाकण उघडून "किती उरलाय?" बघणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. पंख्याखाली ठेवणं तर त्याहून वाईट. मिठाचा सल्ला देणारेही भेटतात. मिठाने तापमान शून्याखाली जातं खरं, पण बर्फ वितळूनच. आइस्क्रीमच्या भांड्याभोवती ते ठीक, राखणीला नाही.

लादी जाळीवर किंवा दोन पट्ट्यांवर ठेवावी, म्हणजे ती पाण्यात बसत नाही. भोक पाडून पाणी काढायचं तर नळीला खाली वाकडा बाक द्यावा. त्यात साचलेलं पाणी बूच होतं, नाहीतर जड असलेली गार हवा तिथूनच निसटते आणि वरून कुठल्यातरी फटीतून गरम हवा आत येते. लादी निम्मी झाली की रिकाम्या जागेत कोरडा कागद कोंबावा किंवा सरळ लहान डबा घ्यावा.