पीळ

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. दसरा.

सकाळी गाडी धुवायला काढली, दोन तास लागले. काळ्या रानातला चिखल वाळला की दगडासारखा होतो. चाकांच्या आतून, पाट्यांच्या फटींत, सायलेन्सरच्या वर, जागा मिळेल तिथे थापून बसला होता. पाइपच्या धारेनं निघेना, म्हणून चिपाटानं खरवडून काढला. पुढच्या चाकामागून एक ढेकूळ निघालं, त्यात तुरीचं अख्खं रोप होतं, मुळासकट.

बायकोनं झेंडूचा हार घातला, बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं. हात जोडताना माझं लक्ष पूजेत नव्हतं. २६ तारखेची रात्र डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून ठेवतो.

त्या आठवड्यात सीना नदीच्या पुरानं माढा, मोहोळ तालुक्यांत काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंच आहे. लांबोटीपाशी पुणे महामार्गाची वाहतूकसुद्धा थांबवावी लागली होती. जनावरांचा डॉक्टर म्हणून सीनाकाठची माझी ठरलेली गावं आहेत. पैकी एका वस्तीवरून रात्री साडेनऊला फोन आला. म्हैस दुसऱ्या वेताची, दुपारपासून अस्वस्थ, कळा येतात आणि जातात, पण पाणमोट दिसत नाही. फोनवरच मनात आलं, पिशवीला पीळ बसलाय. म्हशींत हे पुष्कळदा होतं. गर्भाशय स्वतःभोवती फिरतं, वाट कापडाच्या पिळासारखी आवळली जाते आणि वासराचा रक्तपुरवठा तुटत जातो. यात घड्याळच सगळं ठरवतं.

डांबरी रस्ता सोडून पाणंदीला लागलो तेव्हा अकरा वाजले होते. पुढे दोन किलोमीटर नुसतं काळं रान. खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांचे हब, म्हणजे चाकाला आतल्या दांडीशी जोडणारी टोपणं, फिरवून लॉक केले, आत बसून लिव्हर फोर व्हीलमध्ये टाकला. डॅशबोर्डवरचा दिवा लागला. ओढ्यात पाणी हाउसिंगच्या, म्हणजे ॲक्सलच्या लोखंडी खोळीच्या, वर होतं, पण तळाला मुरूम आहे, गाडी आली बाहेर. त्यानंतर शंभर पावलंही गेली नसेल. मागची चाकं गरागरा फिरायला लागली, गाडी पोटावर टेकली. टॉर्च घेऊन उतरलो, दार उघडं ठेवून हातानं ॲक्सिलरेटर दाबला आणि वाकून पुढे पाहिलं. पुढची दोन्ही चाकं जागची हलत नव्हती.

दिवा लागलेला, हब लॉक केलेले, आणि पुढे काहीच नाही. सात वर्षं ज्या एका गोष्टीसाठी ही गाडी सांभाळली, ती गोष्ट त्या रात्री नव्हती.

बॅग डोक्यावर घेतली आणि चालत निघालो. पावलागणिक बुटाला शेर-शेर माती चिकटते, ती झाडत जायचं. वस्तीवर पोचायला सव्वाबारा झाले. हात घालून पाहिलं, पीळच होता, उजवीकडे. म्हशीचे पाय बांधून तिला उजव्या कुशीवर निजवली, कुशीवर फळी ठेवली, फळीवर एक जण उभा केला आणि पाच जणांनी मिळून तिला उजवीकडेच लोळवली. पिळाच्या उलट नाही, पिळाच्याच दिशेनं लोळवायचं असतं, म्हणजे पिशवी फळीखाली धरून राहते आणि अंग फिरून तिला गाठतं. दुसऱ्या खेपेला पीळ सुटला. पारडी होती. मेलेली.

मालक म्हणाले, "म्हैस वाचली की डॉक्टर. ते काय कमी हाय का." घरात ज्वारीचं पोतंन् पोतं भिजलेलं, आणि माणूस मला धीर देत होता. तासभर आधी पोचलो असतो तर पारडी जगली असती, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. जगली नसतीच, असंही म्हणता येत नाही.

पहाटे ट्रॅक्टरनं गाडी ओढून काढली.

५ ऑक्टोबर, रविवार.

विजापूर नाक्याकडे आण्णांच्या शेडमध्ये दिवसभर. आण्णा मूळचे मोटार मिस्त्री नव्हेत. तरुणपणी पॉवरलूमवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे होते. बारा माग एकदम धडधडत असताना कुठल्या मागाचा धोटा ओढतोय हे दारातून ओळखायचे म्हणतात, आणि मला ते खरं वाटतं. गाडी आली की आधी बॉनेट उघडत नाहीत. सेल्फ मारायला सांगतात आणि डोळे मिटून उभे राहतात.

आज मात्र ते सरळ पुढच्या उजव्या चाकापाशी बसले. मला एवढंच विचारलं, "फोर व्हील शेवटची कवा लावली होती?"

"गेल्या पावसाळ्यात."

"म्हंजे वर्ष झालं की."

हबचे सहा बोल्ट काढले. टोपण निघेना. रबरी हातोडीनं भोवतीनं ठोकत आणलं तेव्हा ते सुटलं. आत ग्रीस म्हणून जे होतं ते ग्रीस नव्हतं. वाळून गुळाच्या काकवीसारखं तपकिरी झालेलं, धुळीनं खरखरीत. आण्णांनी ते नखावर घेऊन मला दाखवलं. मग मला बाहेरची डायल फिरवायला लावली आणि आतलं बघायला सांगितलं. डायल फ्रीवरून लॉकवर गेली. आतली दात्यांची कडी मात्र जागेवरच. तिला ढकलणारी स्प्रिंग दबली, पण ग्रीसनं धरून ठेवलेली कडी ॲक्सलच्या दात्यांत उतरलीच नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हब लॉक, आतून मोकळा.

मला वाटत होतं, उजवा बिघडला असेल, डावा तर चांगला होता, मग निदान एक चाक तरी ओढायला हवं होतं. डावा हब खोलून पाहिला, तो खरंच नीट बसला होता. तरी उपयोग नव्हता, आणि याचं कारण आज मला पहिल्यांदा स्वच्छ कळलं. पुढच्या डिफ्रन्शियलचा, म्हणजे दोन्ही बाजूंना फिरकी वाटून देणाऱ्या गिअरचा, स्वभावच असा आहे की ज्या बाजूला अडसर कमी, त्या बाजूला सगळी फिरकी जाते. उजवा ॲक्सल हबमध्ये मोकळा होता, त्याला कुणी अडवत नव्हतं. इंजिननं पुढे पाठवलेलं सगळं त्या एका मोकळ्या दांडीला गरागरा फिरवण्यात गेलं आणि डाव्या चाकाला काहीच मिळालं नाही. दिवा खोटं बोलत नव्हता. तो फक्त लिव्हरपुरतं सांगतो. हबपर्यंत त्याची नजर जात नाही.

वर्षभर मी फोर व्हील का लावली नाही, यालाही कारण आहे. गाडी घेतली २०१८ साली, जुनी, २०१० चं मॉडेल. अडीच लिटरचं टर्बो डिझेल. घेतल्या-घेतल्या हौसेनं अक्कलकोट रोडला फोर व्हील लावून निघालो होतो. पहिल्याच वळणावर स्टेअरिंग जड झालं, टायर चिरकायला लागले, आणि लिव्हर परत निघेना. माझ्या गाडीत पुढच्या-मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफ्रन्शियल नाही, दोन्ही शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत चाक थोडं घसरून तो फरक मिटवतं. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नसतो, म्हणून सगळ्या दांड्यांमध्ये पीळ भरत जातो. सरळ रेषेत थोडी मागे घेतली की तो उतरतो आणि लिव्हर सुटतो. त्या दिवशी हे ठाऊक नव्हतं. भीती बसली ती बसलीच. अडल्याशिवाय तिकडे हात लावायचा नाही, असं ठरवून टाकलं, आणि सोलापूरसारख्या कोरड्या मुलखात वर्षाकाठी अडण्याचे दिवस असतात किती?

आण्णांनी दोन्ही हब रॉकेलमध्ये धुतले, नवीन ग्रीस बेतानंच लावलं. जास्त थापलं तर थंडीत पुन्हा तेच होईल म्हणाले.

९ ऑक्टोबर, गुरुवार.

दुसरं दुखणं. सकाळचा पहिला सेल्फ. गेले चार महिने पंधरा-पंधरा सेकंद मारावा लागतो, मग पांढरा धूर सोडून इंजिन धरतं. एकदा चालू झालं की दिवसभर तक्रार नाही. यावर आधी एका गॅरेजात इंजिन तापवणारे चारही हीटर बदलून झाले. मग बॅटरी बदलली, साडेसात हजारांची. मग डिझेल फिल्टर. प्रत्येक वेळी दोन दिवस बरं वाटायचं, कारण काम करताना हातपंपानं डिझेल भरून हवा काढलेली असायची. मला वाटायचं नवीन भागानं गुण आला.

आज आण्णांनी काहीच बदललं नाही. टाकीकडून फिल्टरला येणारी काळी नळी सोडवली आणि मध्ये वीतभर पारदर्शक नळी बसवली, दुकानात पाण्याच्या लेव्हलसाठी मिळते तसली. गाडी चालू केली. दोघंही वाकून बघत होतो. पिवळसर डिझेल सरळ वाहत होतं आणि त्यात सुईच्या टोकाएवढा एक बुडबुडा आला. मग दुसरा. मग तीन-चार एकामागोमाग, नळीच्या वरच्या कडेला चिकटून सरकत फिल्टरकडे गेले.

"बघा, हवा खातंय," आण्णा म्हणाले.

मी रोज गाडीखाली वाकून पाहत होतो, जमिनीवर एक थेंब नव्हता, म्हणून नळीवर संशय घेतला नव्हता. पण टाकीपासून पंपापर्यंतची नळी ही चोखणारी बाजू. तिथे चीर पडली तर डिझेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. रात्रभर गाडी उभी राहिली की त्या चिरेतून हवा शिरते, डिझेल टाकीकडे परत उतरतं, आणि सकाळी पंपाला डिझेलच्या जागी हवा मिळते. डिझेल इंजिनात ठिणगी नाही, नुसत्या दाबाच्या उष्णतेवर डिझेल पेटतं, ते वेळेवर आणि फवाऱ्यानं आलं तरच. हवेचा फवारा होत नाही.

चीर क्लिपच्या खाली होती. नळी वाकवली तेव्हा दिसली, केसाएवढी. नवीन नळी आणि दोन क्लिपा मिळून दोनशे दहा रुपये. बॅटरी-हीटरच्या पैशांचं वाईट वाटतंच, पण त्याहून जास्त लागलं ते हे, की मी स्वतः जनावर तपासल्याशिवाय इंजेक्शन भरत नाही आणि गाडीच्या बाबतीत मात्र तपासणीआधी औषधाला होकार देत गेलो.

१२ ऑक्टोबर, रविवार.

पुढच्या-मागच्या हाउसिंगचं ऑइल सोडलं. मागचं काळं, ठीक. पुढचं निघालं दुधाच्या चहासारखं. म्हणजे पाणी शिरलेलं. २६ तारखेचा ओढा. सोलापूरहून पळून तापलेलं हाउसिंग एकदम गार पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि ओढून घेते. ओढायला हवा मिळावी म्हणून वर ब्रीदर असतो. माझा चिखलानं बुजलेला होता, मग सीलच्या कडेनं पाणी घेतलं. आणखी महिनाभर तसंच चाललं असतं तर बेअरिंग गेलं असतं.

ब्रीदरला लांब नळी जोडून ती बॉनेटखाली उंच आणून बांधली. नवीन ऑइल भरलं. ५० किलोमीटर चालवून पुन्हा सोडून बघायचं आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार.

दिवाळी झाली. काल आण्णांकडे ऑइल सोडून पाहिलं, स्वच्छ आहे. सकाळी सेल्फ अर्ध्या फेरीत लागतो.

आज सीनाकाठच्या त्याच वस्तीवर गेलो. फोन नव्हता, मीच निघालो. रानाला वाफसा आलाय, पाणंद वरून वाळलेली पण चाकाखाली दबते अशी. गाडीला महिन्यातून एकदा फोर व्हीलचा सराव द्यायचं ठरवलंय, त्याला याहून चांगली जमीन नाही. पाणंदीच्या तोंडाशी थांबून हब लॉक केले. या खेपेला लगेच आत बसलो नाही. सोबतच्या पोराला गाडी पाऊलभर पुढे घ्यायला सांगितली आणि स्वतः खाली वाकून पुढचा शाफ्ट पाहिला. फिरत होता. मग उजवं चाक जॅकवर उचलून हातानं फिरवलं, आतली दांडी चाकाबरोबर फिरली. डावीकडेही तसंच.

ओढ्यात आता घोट्याएवढं पाणी आहे. २६ सप्टेंबरला जिथे रुतलो होतो तिथे ट्रॅक्टरच्या चाकांचे खोल चर अजून तसेच वाळलेत. त्यातूनच मुद्दाम लो गिअरमध्ये सावकाश नेली. पुढची चाकं माती धरत होती, स्टेअरिंगला ते कळतं, आपल्याला कुणी हात धरून ओढून घ्यावं तसं.

म्हैस गोठ्याबाहेर बांधलेली होती. पारडी नसल्यानं पान्हा चोरेल असं वाटलं होतं, पण पेंड ठेवली की सोडते म्हणाले, दोन्ही वेळचं मिळून सहा लिटर. मालकीणबाईंनी चहा केला. पुराच्या पंचनाम्याचं काय झालं, रब्बीला बी कुठून आणायचं, यावरच बोलणं झालं. ज्वारी पेरायला उशीर झालाय, पण ओल भरपूर आहे, पेरणार आहेत.

परत पाणंदीच्या तोंडाशी येऊन दोन्ही हब फ्री केले. वहीच्या शेवटच्या पानावर महिन्यांची नावं लिहून ठेवली आहेत, ऑक्टोबरपुढे खूण केली. १,८६,४१२ किलोमीटर.