कूलरच्या नॉबचे भोक आणि वाया गेलेले दोन प्रिंट : माझा अनुभव

मे महिन्यात परभणीचा पारा चढलेला असताना आमच्या कूलरचा वेग बदलण्याचा नॉब चिरला आणि आई रोज रात्री पकडीने स्विचची उघडी दांडी फिरवू लागली. सुटा नॉब मिळत नाही, अख्खा स्विच बदलावा लागेल, असे दुकानदाराचे म्हणणे होते. चांगला चालणारा स्विच फेकणे मला पटेना, म्हणून नॉबची मापे घेऊन संगणकावर त्याचे मॉडेल करायचे आणि छत्रपती संभाजीनगरहून थ्रीडी प्रिंट मागवायचा, असे मी ठरवले.

बाहेरचा आकार एका संध्याकाळीच तयार झाला. कडेच्या खाचा मापण्याऐवजी मी मोजल्या. त्या 24 भरल्या, म्हणजे दर 15 अंशांवर एक. फ्रीकॅड हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसे आहे.

अडले ते दांडीच्या भोकापाशी. हे भोक इंग्रजी डी अक्षरासारखे, एका बाजूने सपाट असते. व्हर्नियर या बारीक मापे घेण्याच्या साधनाच्या, भोक आतून मापायच्या जबड्यांनी मी ते मापले आणि 5.86 मिलिमीटर हा आकडा खरा धरला. जबड्यांच्या कडांना थोडी जाडी असते, त्यामुळे लहान गोल भोकात ते खऱ्या व्यासावर न टेकता जरा अलीकडेच टेकतात आणि माप कमी दाखवतात, हे मला तेव्हा माहीत नव्हते. पाच दिवसांनी आलेला नॉब दांडीवर चढलाच नाही. प्रिंट करणाऱ्याने ‘तुमची फाइल चुकली’ एवढेच सांगितले. वितळलेल्या प्लास्टिकचा थर आतल्या वळणावर आत ओढला जातो आणि भोक मॉडेलपेक्षा थोडे लहानच येते, हे रोज तेच काम करणाऱ्या माणसाने सांगायला हवे होते. याचा राग मला अजूनही आहे. मी चिडून भोक 6.5 केले आणि पुन्हा पाच दिवसांनी आलेला नॉब दांडीवर डुगडुगू लागला.

तेव्हा कुठे चिरलेला नॉब बाजूला ठेवून मी दांडीच मापली. पकडीच्या दातांनी तिच्यावर बारीक कंगोरे उठले होते. ते पॉलिश पेपरने घासल्यावर तीन ठिकाणी 5.98 ते 6 मिलिमीटर आणि सपाट बाजूपासून समोरच्या गोलाईपर्यंत 4.5 मिलिमीटर भरले. मग पूर्ण नॉब न मागवता 5 मिलिमीटर जाडीची एक पट्टी मागवली, तिच्यात 6.1, 6.2, 6.3 आणि 6.4 व्यासाची चार डी-भोके ठेवली. 6.2 चे भोक हाताच्या दाबाने घट्ट बसले. अशी पट्टी पहिल्याच दिवशी मागवावी, तिला प्लास्टिक जेमतेम लागते.

मापण्याआधी व्हर्नियरचे जबडे मिटवून तो शून्य दाखवतो का ते तपासावे, हे मी आधीच सांगायला हवे होते. प्रिंटसाठी मॉडेल ज्या एसटीएल फाइलमधून पाठवतात, तिच्यात एकक नोंदलेले नसते, म्हणून सोबत ‘मापे मिलिमीटरमध्ये’ असे लिहून द्यावे. कूलरवर ऊन येत असेल तर पीएलए हे प्लास्टिक घेऊ नये, ते साठेक अंशांना मऊ पडू लागते. मी पीईटीजी घेतले.

तिसरा नॉब आईनेच दांडीवर दाबून बसवला आणि पकड पुन्हा हत्यारांच्या डब्यात गेली.